ग्रॅम पार्सन्सची स्मृतिमैफल (कॅलिफोर्निया, २००४) – कुणी बघितली आहे का?

निवडुंग

'रिटर्न टू सिन सिटी' ही डीव्हीडी एकदाची हाताला लागली, सलग बघून काढली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, घरात ऐकून घेणारं कुणी नाही म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै २००४ मधे लागोपाठ दोन रात्री, ९ तारखेला सँटा बार्बरा बोलमधे आणि १० ला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल अँफिथिएटरमधे, कंट्री आणि रॉक एकत्र आणणारा अमेरिकन गायक ग्रॅम पार्सन्स याच्या आठवणीत ही मैफल झाली. गडी १९७३ मधे गेला, वय वर्षं २६. जिवंतपणी एकही रेकॉर्ड धड खपली नाही. आणि तीस वर्षांनी त्याच्यासाठी स्टेजवर कोण उभं? रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, नोरा जोन्स, लुसिंडा विल्यम्स, स्टीव्ह अर्ल, ड्वाइट योकम, जिम लॉडरडेल, राउल मालो... कार्यक्रम उभा केला त्याच्या मुलीने, पॉलीने. बाप गेला तेव्हा ती शाळेत जायच्या वयाचीसुद्धा धड नव्हती.

आता माझं म्हणणं. बघताना सारखं जाणवत राहिलं की या माणसाची गाणी एका गळ्याची नाहीतच. दोघांनी मिळून गायची गाणी आहेत ती. एकेकटे गायले तिथे छान छान म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण कीथ आणि नोरा एकत्र 'लव्ह हर्ट्स'ला उभे राहिले आणि मी पॉज करून पाणी पिऊन आलो. म्हाताऱ्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, ती आपली शांत, ना घाई ना नाटक, आणि तरी काय जमलंय ते! नोराने एकटीने 'शी' गायलंय तेही सुंदर आहे, नाही असं नाही. पण ते ऐकताना मी कौतुक करत होतो आणि 'लव्ह हर्ट्स'ला कौतुक करायचं राहूनच गेलं.

आणखी कुणी बघितलंय का? बोला.

सातारी_कंदी

मस्त विषय. मी तुकड्यातुकड्याने बघितलंय. 'हिकरी विंड' कीथने गायलंय ते बघ परत. तिथे तर तो जवळजवळ एकटाच आहे आणि तरी पोचतं. तुझी थिअरी तिथेच आपटली की राव.

निवडुंग

@सातारी_कंदी, ते गाणं पोचतं कारण कीथ ते कुणासाठी गातोय ते आपल्याला माहीत असतं. १९७१ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधे, नेलकोट नावाच्या त्या बंगल्यात स्टोन्सच्या 'एक्झाइल' रेकॉर्डचं काम चालू असताना हे दोघं तासन्‌तास जुनी कंट्री गाणी म्हणत बसायचे. कीथला कंट्री खऱ्या अर्थाने शिकवलं ते ग्रॅमने. म्हणजे तिथेही दुसरा आवाज आहेच, फक्त तो मेलेला आहे. (दवणीय झालं का? होऊ दे.)

उगाचच

मी जरा पाणी ओततो. ग्रॅम पार्सन्स हा माणूस मला कायम ओव्हररेटेड वाटत आलाय. संत्र्यांच्या बागांवर गबर झालेल्या घरातलं पोर, आईकडच्या इस्टेटीतून ट्रस्टचे पैसे दरसाल येणार, हार्वर्डला एक सेमिस्टर धर्मशास्त्र शिकून पळाला, मग एका बँडमधून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. कुठेही वर्ष-दोन वर्षांच्या वर टिकला नाही. रिहर्सलला यायचं नाही, स्टोन्सच्या मागे मागे फिरायचं. आवाज बारीक, वरच्या सुराला गेला की थरथरतो. आणि मग तरुण मेला, वाळवंटात मित्राने प्रेत जाळलं, झाली दंतकथा. ते प्रेताचं प्रकरण काढून टाका आणि सांगा किती जणांनी याची मैफल केली असती?

सातारी_कंदी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेटीवाला

उगाचच यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे आणि अर्धा नाही.

आवाज बारीक, मान्य. पण तो आवाज एकट्याने मैफल मारायला बनलेलाच नाही, धागाकर्ते म्हणतायत ते त्यासाठीच पटतं. त्या लोकांकडे भावाभावांच्या जोड्यांची फार जुनी परंपरा आहे, लुव्हिन ब्रदर्स घ्या, एव्हर्ली ब्रदर्स घ्या. एव्हर्लींच्यात थोरला खालची मूळ चाल धरणार आणि धाकटा त्याच्या वर, साधारण गंधाराच्या अंतराने, तीच ओळ तेच शब्द त्याच क्षणी गाणार. दोन्ही ओळी सुट्या करून ऐकल्या तर दोन्ही चाली म्हणून उभ्या राहतात. आपल्या कानांना याची सवय नाही. आपल्याकडे दोघं गायला बसले तरी आळीपाळीने गातात, नाहीतर एकाच सुरात. त्यामुळे आपण पहिल्यांदा ऐकताना मुख्य कोण आणि साथीला कोण ते शोधत बसतो, आणि इथे तो प्रश्नच चुकीचा असतो.

'लव्ह हर्ट्स' मूळ एव्हर्लींनीच १९६० मधे केलेलं, लिहिलेलं बूडलो ब्रायंटचं. ग्रॅम आणि त्याच्याबरोबर गाणारी एमिलू हॅरिस यांनी ते 'ग्रीव्हस एंजल' या रेकॉर्डमधे घेतलं आणि पार हळू केलं. त्या रेकॉर्डिंगमधे ग्रॅमचा सूर कुठे कुठे हलतो आणि ती त्याला सोडत नाही, त्याच्याबरोबर हलते. दुसरी कुठली गायिका असती तर आपला सूर धरून सरळ निघून गेली असती आणि तो उघडा पडला असता.

चकलीचा_सोऱ्या

पेटीवाला काका भारी लिहिताय. एक बाळबोध प्रश्न, मग या मैफलीत एमिलू कुठाय? मी नावं दोनदा वाचली.

पेटीवाला

नाहीये. डीव्हीडीत तरी कुठेच नाही. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. ती बाई १९७३ पासून हेच करत आलीये. १९७५ च्या आपल्या रेकॉर्डमधे 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' लिहिलं ते त्याच्या जाण्यावर. त्याची गाणी वर्षानुवर्षं प्रत्येक दौऱ्यात गायली. १९९९ मधे 'रिटर्न ऑफ द ग्रीव्हस एंजल' नावाचा आदरांजलीचा अल्बम आला त्याच्यामागेही तीच. तिला अजून एका रात्रीची हजेरी कशाला लावायला लावता.

कोपऱ्यातला_श्रोता

@उगाचच, बाकी सगळं तुमच्या मताला पण 'श्रीमंत घरचं पोर' एवढ्यावर माणूस निकालात काढू नका. बापाने आत्महत्या केली तेव्हा पोरगा १२ वर्षांचा, डिसेंबर १९५८, ऐन नाताळाच्या तोंडावर. आई दारूपायी गेली १९६५ मधे, ज्या दिवशी त्याचा शाळेचा पदवीदान समारंभ त्याच दिवशी. पार्सन्स हे आडनावसुद्धा सावत्र बापाचं, जन्माचं आडनाव कॉनर. पैसा होता हे खरंच आणि पैसा होता म्हणूनच कुणी त्याला थांबवलं नाही हेही खरं.

आणि बर्ड्‌स हा त्याचा रॉक बँड सोडला तो कशावरून? १९६८ मधे दक्षिण आफ्रिकेचा दौरा होता, वर्णभेदाच्या देशात मी गाणार नाही म्हणून लंडनमधेच थांबला.

उगाचच

त्यावर खुद्द बँडवाल्यांचंच म्हणणं होतं की त्याला आफ्रिकेपेक्षा कीथ रिचर्ड्सबरोबर राहायचं होतं.

कोपऱ्यातला_श्रोता

दोन्ही कारणं एका वेळी खरी असू शकतात की हो. दौरा करणाऱ्यांनी पुढे फार काही कमावलं असंही नाही, गेले आणि शिव्या खाऊन परत आले.

अधूनमधून

आधी हे सांगा, याने नक्की केलं काय? म्हणजे मला ईगल्स माहीत आहेत, कॉलेजात होस्टेलवर ज्याच्या हातात गिटार येईल तो हॉटेल कॅलिफोर्निया काढायचा. त्याच्या आधीचं हे सगळं डोक्यावरून जातंय.

निवडुंग

@अधूनमधून, अगदी थोडक्यात. साठच्या दशकात अमेरिकेत कंट्री म्हणजे गावाकडच्या, जुन्या वळणाच्या, बहुतेक गोऱ्या लोकांचं संगीत आणि रॉक म्हणजे लांब केसवाल्या पोरांचं. दोन्हीकडचे एकमेकांना पाण्यात बघायचे. ग्रॅम बर्ड्‌समधे शिरला आणि मार्च १९६८ मधे तो कॅलिफोर्नियातला रॉक बँड त्याने थेट कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलला ओढत नेला. तिथून 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अल्बम निघाला. त्याच महिन्यात हे लोक ग्रँड ओल ऑप्रीत गायले, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या पंढरीतच. पब्लिकने हुर्यो उडवली. त्यात यजमानांनी मर्ल हॅगर्डचं गाणं जाहीर केलेलं आणि ग्रॅमने ऐन वेळी ते सोडून 'हिकरी विंड' लावलं, हे माझ्या आजीसाठी म्हणून. यजमान भडकले. विचार कर, पोरगा २१ वर्षांचा.

मग बर्ड्‌सचाच ख्रिस हिलमन आणि हा, दोघांनी मिळून फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढला. १९६९ चा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' ऐक. तो त्या वेळी खपला नाही पण त्या रस्त्याने पुढे कोण कोण गेलं बघ. तुझ्या ईगल्समधला बर्नी लेडन आधी बरिटोमधे होता. ईगल्सनी पैसा केला. ग्रॅमला ईगल्स अजिबात आवडायचे नाहीत हा भाग वेगळा. तरी लेडनने १९७४ मधे ईगल्सच्याच रेकॉर्डवर 'माय मॅन' हे ग्रॅमवरचं गाणं केलं.

पेटीवाला

बरिटोच्या रेकॉर्डमधे गिटार जवळपास मागे ढकललीये आणि पुढे आहे ती पेडल स्टील, ते मुद्दाम ऐका. स्नीकी पीट क्लाइनो नावाचा वाजवणारा. दिवसा हा माणूस मातीच्या बाहुल्यांची ॲनिमेशन फिल्म करायचा, 'गंबी'वर काम केलेलं, आणि रात्री स्टील. त्याने स्टीलला फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र, लावलं, त्या काळात कंट्रीवाल्यांनी कानावर हात ठेवले असतील.

वाद्य जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेबलासारखं चार पायांवर आडवं वाद्य, वादक खुर्चीत बसतो. डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी दांडका, तो तारांवर नुसता टेकवून सरकवायचा, पडदे दाबायची भानगड नाही. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. खाली पायाशी पेडल आणि दोन्ही गुडघ्यांशी लीव्हर, त्यांनी चालू सुरातच ठरावीक तारा ताणल्या किंवा सैल होतात. म्हणजे हात, पाय, गुडघे सगळं एका मींडेसाठी राबतंय. बाकीच्या तारा जागेवर आणि त्यातली एकच तार वर चढत चढत स्वराला येऊन मिळते, तो जो हुंदक्यासारखा आवाज येतो ना, तो तिथून. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटार भरपूर वाजलीये, हजारा सिंग, व्हॅन शिपले. ती याची थोरली बहीण म्हणा, पण तिला पेडल नाहीत.

२००४ च्या मैफलीत स्टीलवर अल पर्किन्स आहे आणि गिटारवर जेम्स बर्टन. दोघंही ग्रॅमच्या दोन्ही सोलो रेकॉर्डवर वाजवलेले. बर्टन तर एल्विसचा गिटारवाला. ग्रॅमने १९७२ मधे आपल्या पहिल्या सोलो रेकॉर्डसाठी एल्विसच्या बँडमधले लोक पैसे मोजून आणले होते. ट्रस्टचे पैसे कुठेतरी सत्कारणी लागले म्हणायचे, उगाचचसाहेब.

उगाचच

हाहा. हे मान्य.

सातारी_कंदी

नोरा जोन्स म्हणजे रविशंकरांची मुलगी बरं का मंडळी. शेवटी रक्त बोलतं.

कोपऱ्यातला_श्रोता

झालं सुरू. अहो तिला वाढवलं आईने, टेक्सासमधे. कंट्री तिच्या कानावर तिथे पडलं. 'लिटल विलीज' नावाचा तिचा एक बँड आहे, न्यूयॉर्कमधे जुनी कंट्री गाणी गायला मित्रमित्रांनी काढलेला. 'लव्ह हर्ट्स' ती जमवते ते तिथल्या मुरलेल्या कानामुळे. सतारीचा इथे काय संबंध.

सातारी_कंदी

सतारीचा संबंध आहेच, फक्त दुसरीकडून. बर्ड्‌सवाले मॅग्विन आणि क्रॉस्बी रविशंकरांच्या रेकॉर्डी ऐकून वेडे झालेले, १९६६ चं 'एट माइल्स हाय' त्या नादातच केलेलं. म्हणजे बापाने बर्ड्‌सना नादाला लावलं आणि मुलगी बर्ड्‌समधल्या माणसाच्या श्राद्धाला गायली. घ्या.

कोपऱ्यातला_श्रोता

ग्रॅम तेव्हा बर्ड्‌समधे नव्हता. पण जाऊ दे, जमवलंत.

चकलीचा_सोऱ्या

ते प्रेत जाळण्याचं काय प्रकरण आहे? कुणीच सविस्तर सांगेना.

मुक्काम_वाळवंट

मी सांगतो, आम्ही तिकडून तीन तासांवर राहतो आणि पाहुणे आले की जोशुआ ट्रीला नेणं हे आमचं ठरलेलं काम आहे.

जुलै १९७३ मधे गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट अपघातात गेला. त्याच्या दफनाच्या वेळी ग्रॅम आणि त्याचा रोड मॅनेजर फिल कॉफमन यांच्यात ठरलं की आपल्यात जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने वाळवंटात न्यायचं आणि जाळायचं, असलं थंड दफन नको. दोन महिन्यांत ग्रॅमच गेला, १९ सप्टेंबरला, जोशुआ ट्री इन नावाच्या मोटेलच्या ८ नंबरच्या खोलीत, मॉर्फिन आणि दारू. सावत्र बापाने प्रेत लुइझियानाला पुरायला मागवलं, त्यात इस्टेटीचंही गणित होतं असं म्हणतात. तर कॉफमन आणि एक मित्र, दोघं एक जुनी शववाहिका घेऊन लॉस एंजेलिसच्या विमानतळावर गेले, घरच्यांनी बेत बदललाय अशी थाप मारली, खोटी सही केली आणि शवपेटी घेऊन पसार. वाळवंटात कॅप रॉकपाशी पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. अर्धवटच जळलं. उरलेलं शेवटी न्यू ऑर्लिन्सजवळ पुरलं. प्रेत चोरण्याविरुद्ध तिथे कायदाच नव्हता, त्यामुळे खटला झाला तो पेटीच्या चोरीचा आणि दोघांना प्रत्येकी ३०० डॉलर दंड.

आता मोटेल अजून चालू आहे, त्या खोलीचं बुकिंग लोक करतात. अंगणात त्याची आठवण म्हणून लहानसं स्मारक आहे, तिथे लोक गिटारचे पिक, बाटल्या, चिठ्ठ्या असलं काय काय ठेवून जातात. कॅप रॉकला खरं तर बघायला काही नाही. मोठा दगड, मागे रस्ता, पार्किंग. चाहते खडकावर लिहितात आणि पार्कवाले पुसतात. आमचे पाहुणे दोन मिनिटात म्हणतात, बरं, आता जेवायला कुठे जायचं.

अवांतर: युनिव्हर्सल अँफिथिएटर शोधायला जाऊ नका. २०१३ मधे पाडलं, तिथे आता हॅरी पॉटरचा किल्ला आहे.

उगाचच

धन्यवाद, आणि हाच माझा मुद्दा होता. सांगायला बसलं की सगळ्यात मोठी पोस्ट प्रेताचीच होते.

निवडुंग

तुझा मुद्दा पोचला. पण मैफल बघ ना, तिथे हे सगळं चघळत बसले नाहीत. आणि एक गोष्ट मी वर लिहायची राहिली, या कार्यक्रमाचे पैसे म्युझिशियन्स असिस्टन्स प्रोग्रामला गेले. व्यसनात अडकलेल्या वादक-गायकांना उपचाराला मदत करणारी संस्था. मुलीने बापाचा पुतळा नाही उभारला, ज्या गोष्टीने तो गेला तिच्यावर पैसे लावले. आणि त्यासाठी गायला बोलावलं कुणाला, तर कीथ रिचर्ड्सला! ज्याच्या सोबतीत बाप अजून खोलात गेला त्याला. यावर मी बराच विचार करतोय. मला यात ढोंग वाटत नाही. जो वाचला त्यानेच येऊन गायला पाहिजे होतं.

अधूनमधून

किंवा तिकिटं खपायला मोठं नाव हवं होतं.

निवडुंग

तेही आहेच! देणगी गोळा करायची तर हॉल भरायला नको का. आपल्याकडे भीमसेनजींनी गुरूंच्या नावाने १९५३ मधे सवाई सुरू केला तेव्हापासून बघा, नाव गुरूचं असतं आणि लोक येतात ते गाणाऱ्यांसाठी. त्यात कमीपणा नाही.

पेटीवाला

सवाईशी तुलना इथपर्यंतच बरी. तिथे घराणं चालतं, शिष्य गातात. ग्रॅमला शिष्य म्हणावं असं कुणी नव्हतं, एक एमिलू सोडली तर. बाकी सगळे रेकॉर्डी ऐकून शिकलेले. स्टेजवरच्या कित्येकांनी त्याला प्रत्यक्ष बघितलेलंही नसणार, नोराचा तर जन्मच १९७९ चा.

चकलीचा_सोऱ्या

कुठून सुरुवात करू ऐकायला? एकच सांगा.

पेटीवाला

'ग्रीव्हस एंजल', १९७४. तो गेल्यावर आला. हेडफोन लावून, आणि प्रत्येक गाणं दोनदा, एकदा त्याच्या मागे जाऊन, एकदा तिच्या.

सातारी_कंदी

मी म्हणेन 'गिल्डेड पॅलेस'. निदान कव्हर तरी बघ. नुडी या शिंप्याच्या दुकानात शिवून घेतलेले सूट, ग्रॅमच्या पांढऱ्या सुटावर छातीशी गांजाची हिरवी पानं, बाह्यांवर गोळ्या आणि अफूची फुलं, कॉलरवर नागड्या बायका, पँटीवर खालून वर चढणाऱ्या ज्वाळा आणि पाठीवर भलामोठा लाल क्रूस. मॅन्युएल नावाच्या कारागिराचं काम. आपल्याकडे असला कोट घालून कुणी निघाला तर गल्लीच्या टोकाला पोचणार नाही.

चकलीचा_सोऱ्या

😂 हा सूट कुठे बघायला मिळेल का?

मुक्काम_वाळवंट

नॅशव्हिलला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या म्युझियमकडे आहे. गंमत म्हणजे त्या हॉल ऑफ फेममधे ग्रॅमला अजून घेतलेलं नाही. सूट घेतला.

उगाचच

बघा, त्यांचंही माझ्यासारखंच मत दिसतंय. 😀 ऐकतो 'ग्रीव्हस एंजल' परत या रविवारी, पेटीवाल्यांनी सांगितलंय तसं दोनदा. आवाज बारीकच वाटला तर इथे येऊन सांगणार आहे.

पेटीवाला

बारीकच वाटणार. दुसऱ्या वेळेला तिच्या मागे जा म्हटलंय ते त्यासाठीच.